नेम यंत्राचा, पाय आपले

डूम या गेममध्ये इम्प नावाचा एक तपकिरी, अंगावर काटे असलेला राक्षस आहे. तो हात मागे नेतो, झटक्याने पुढे आणतो आणि आगीचा एक गोळा आपल्या दिशेने निघतो. हा गोळा किती वेगाने येतो हे गेमच्या प्रोग्राममध्ये स्वच्छ लिहिलेले आहे. डूमचे घड्याळ सेकंदाला ३५ ठोके देते आणि इम्पचा गोळा एका ठोक्यात १० एकके अंतर कापतो. त्याच मोजपट्टीने पूर्ण वेगात धावणारा खेळाडू एका ठोक्यात १६ हून अधिक एकके पुढे जातो. म्हणजे या गेममधला माणूस त्याच्यावर फेकलेल्या आगीहून जोरात पळतो. गोळीबाराचा गेम म्हणून जगभर नाव झालेल्या आणि त्याच कारणाने बदनामही झालेल्या गेमच्या पोटात हे गणित आहे. जुन्या शूटर गेमची ओढ समजून घ्यायची तर सुरुवात इथून करावी, असे मला वाटते. तीस वर्षे उलटली तरी हे गेम खेळले जातात, त्यांच्यासाठी नव्या लेव्हल तयार होतात, त्यांच्या धाटणीचे नवे गेम बाजारात येतात. या चिकाटीचे कारण बहुतेक जण बंदुकीत शोधतात. मला ते पायांत दिसते. या गेममध्ये नेम धरण्याचे बरेचसे काम यंत्र करून टाकते. कुठे उभे राहायचे, कुठून निघायचे आणि नेमके केव्हा निघायचे, एवढे ठरवणे खेळाडूकडे उरते, आणि सगळा खेळ त्या ठरवण्यात आहे.

इतिहास थोडक्यात सांगायला हवा. फर्स्ट पर्सन शूटर म्हणजे असा गेम, ज्यात पडदा हीच खेळाडूची नजर असते. स्वतःचे शरीर दिसत नाही, पडद्याच्या तळाशी फक्त हात आणि हातातले शस्त्र दिसते. अमेरिकेत टेक्सास राज्यात डॅलसजवळच्या मेस्कीट गावी आयडी सॉफ्टवेअर नावाची छोटी कंपनी होती. जॉन कारमॅक प्रोग्राम लिहायचा, जॉन रोमेरो लेव्हल रचायचा, एड्रियन कारमॅक चित्रे काढायचा. आडनाव एक असले तरी दोन्ही कारमॅक एकमेकांचे नातेवाईक नव्हेत. ५ मे १९९२ रोजी त्यांचा वुल्फेन्स्टाइन थ्रीडी आला. त्यातल्या सगळ्या भिंती एकाच उंचीच्या आणि काटकोनात होत्या. १० डिसेंबर १९९३ रोजी विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरवर डूम चढवला गेला. पहिल्या भागातल्या ९ लेव्हल फुकट होत्या. आवडल्या तर पैसे भरून आणखी १८ घ्यायच्या. १९९६च्या जानेवारीत ड्यूक न्यूकेम थ्रीडी आणि जूनमध्ये क्वेक आला. या चारपाच वर्षांत जी रीत घडली तिलाच आज जुन्या धाटणीचे शूटर म्हणतात. चाहत्यांनी तिला बूमर शूटर असेही नाव दिले आहे.

आता नेमाचे पाहू. मूळ डूममध्ये खेळाडूला वर किंवा खाली बघताच येत नाही. राक्षस उंच कड्यावर उभा असो की खड्ड्यात, आपण त्याच्या दिशेला तोंड करून गोळी झाडली की ती वर किंवा खाली किती न्यायची हे प्रोग्राम स्वतः ठरवतो. यामागे तेव्हाच्या संगणकांची मर्यादा होती. जॉन कारमॅकने डूमची प्रत्येक लेव्हल घराच्या नकाशासारखी, वरून पाहिलेल्या सपाट आराखड्यासारखी मांडली. आराखड्यातल्या प्रत्येक तुकड्याला जमिनीची एक उंची आणि छताची एक उंची दिली. त्यामुळे डूममध्ये जिने आहेत, सज्जे आहेत, पण एका खोलीवर दुसरी खोली कधीच नाही. हा आराखडा आधीच कापून, वर्गवारी लावून ठेवल्यामुळे पडद्यावर आधी काय रंगवायचे आणि काय झाकले जाईल हे साध्या संगणकालाही झटपट कळत असे. नजर वर-खाली वळवायची मुभा दिली असती तर ही सगळी बचत वाया गेली असती. या काटकसरीचा खेळावर झालेला परिणाम मोठा आहे. नेम साधणे हे कौशल्य जवळजवळ वजा झाले आणि त्याची जागा अंतराने घेतली. डूमची शॉटगन एका बारात ७ छर्रे सोडते. प्रत्येक छर्रा ५, १० किंवा १५ गुणांची इजा करतो आणि इम्पचा जीव ६० गुणांचा असतो. छर्रे आडवे पसरतात. दोन पावलांवरून सातही लागतात आणि इम्प बहुधा एका बारात आडवा होतो. दालनाच्या पलीकडून झाडले तर दोन किंवा तीनच लागतात, बाकीचे भिंतीत. इथे बंदुकीची ताकद खेळाडूच्या पायांवर अवलंबून आहे. जितके जवळ जाल तितकी ती मोठी होते आणि जितके जवळ जाल तितका चुकवायला वेळ कमी उरतो. प्रत्येक बारामागे हा सौदा असतो.

या खेळाची खरी श्रीमंती त्याच्या राक्षसांत आहे. राक्षस फार नाहीत. मूळ डूम आणि १९९४ सालचा डूम दोन मिळून ते वीसच्या आसपास भरतात. पण बुद्धिबळातल्या मोहऱ्यांसारखी प्रत्येकाची चाल वेगळी आहे आणि ती कधी बदलत नाही. पिंकी म्हणून ओळखला जाणारा गुलाबी राक्षस फक्त चावतो. तो दूर असेल तर निरुपद्रवी, बोळात गाठले तर जीवघेणा. कॅकोडीमन हा एक डोळ्याचा, लालभडक, हवेत तरंगणारा गोल. तो संथ आहे, पण कडा, खंदक, पाणी यांपैकी काहीच त्याला अडवत नाही. बॅरनचा जीव १००० गुणांचा, त्याला पाडायला वेळ लागतो, म्हणून तो असेल तिथे पळायला जागा लागते. रेव्हनंट या सांगाड्याची काही क्षेपणास्त्रे वळून आपला पाठलाग करतात. ती चुकवायची तर सरळ पळून भागत नाही, त्यांना एखाद्या खांबावर आदळवावे लागते. आर्चव्हाइल मेलेल्या राक्षसांना पुन्हा उठवतो आणि त्याची आग वेगाने चुकवता येत नाही. ती लागण्याच्या क्षणी त्याच्या नजरेआड असणे हा एकच उपाय. प्रत्येक राक्षस खेळाडूला एकच प्रश्न विचारतो, तुम्ही उभे कुठे आहात? उत्तर मात्र प्रत्येकाला वेगळे द्यावे लागते. पिंकीपासून लांब राहा, शॉटगनवाल्या सैनिकासमोर रेंगाळू नका, आर्चव्हाइलपासून आडोसा सोडू नका. एकेकटे घेतले तर यातला कोणीही फार अवघड नाही. अवघड होते ती जोडी. आर्चव्हाइलमुळे ज्या खांबाआड थांबणे भाग आहे त्याच खांबामागून दोन पिंकी आले, की एकाचे बरोबर उत्तर दुसऱ्यापुढे चूक ठरते. घोडा आणि वजीर यांच्या चाली ज्याला तोंडपाठ आहेत त्यालाही पट मांडला की विचार करावा लागतो, तसेच हे आहे. वीस मोहऱ्यांतून किती पट मांडता येतात याला अंत नाही, म्हणूनच तीस वर्षांत लोकांना या गेमच्या लेव्हल रचण्याचा कंटाळा आलेला नाही.

त्यात एक सुंदर नियम आहे. एका राक्षसाने फेकलेला गोळा चुकून दुसऱ्या जातीच्या राक्षसाला लागला, तर तो दुसरा खेळाडूला सोडून पहिल्यावर उलटतो. कसलेला खेळाडू हे घडण्याची वाट बघत नाही, तो ते घडवतो. इम्प आणि बॅरन यांच्या मधोमध येतो, इम्पला गोळा फेकू देतो आणि ऐन वेळी बाजूला सरकतो. मग दोघे एकमेकांत गुंततात आणि त्याची काडतुसे वाचतात. यात एकही गोळी न झाडता शत्रू मारला जातो, आणि शस्त्र असते ते फक्त उभे राहण्याची जागा. काडतुसे वाचवण्याला इथे अर्थ आहे, कारण ती मोजकी आहेत. जीवही मोजकाच आहे. तो आपोआप भरून येत नाही. भिंतीजवळ, खांबाच्या मागे, कधी शत्रूंच्या घोळक्यापलीकडे औषधाची पेटी ठेवलेली असते आणि ती आणायला जावे लागते. दहा मिनिटांपूर्वी निष्काळजीपणे खाल्लेला मार आता पुढच्या दारापाशी जाणवतो. शॉटगन किंवा मशीनगन पुन्हा भरण्यासाठी थांबण्याची भानगड यात नाही. काडतुसे आहेत तोवर बंदूक चालते. थांबण्याला निमित्तच ठेवलेले नाही.

लेव्हलची रचनाही याच विचाराची आहे. रोमेरोने स्वतःसाठी काही नियम ठरवले होते आणि ते त्याने अनेकदा सांगितले आहेत. उजेड-अंधार, उंची-खोली, अरुंद-ऐसपैस असा विरोध सतत ठेवायचा. सहज ओळखू येतील अशा खुणेच्या जागा ठेवायच्या. खेळाडूला त्याच जागी पुन्हापुन्हा आणायचे, म्हणजे ती जागा त्याच्या अंगवळणी पडते. आणि खेळाडूला खिडकीतून बाहेरचे दिसत असेल, तर कुठून तरी तिथे पोहोचता आले पाहिजे. हा शेवटचा नियम डूमच्या पहिल्याच लेव्हलमध्ये, हँगरमध्ये, पाहायला मिळतो. खेळ सुरू होतो त्या खोलीला खिडकी आहे. बाहेर मोकळे अंगण आहे आणि अंगणात निळे चिलखत पडलेले आहे, त्या लेव्हलमधली सर्वांत मोलाची वस्तू. दार मात्र नाही. खेळाडू पुढे जातो, विषारी द्रवावरून गेलेल्या नागमोडी वाटेच्या दालनात पोहोचतो. तिथे एक छुपी वाट आहे आणि ती त्याला त्याच अंगणात, त्या खिडकीच्या दुसऱ्या बाजूला आणून सोडते. आत उभे राहून पाहिलेली जागा आणि बाहेर उभे राहून पाहिलेली जागा एकच आहे, हे त्या क्षणी डोक्यात जुळते. कोणतीही सूचना पडद्यावर येत नाही, बाण दिसत नाही, कोणी कानात सांगत नाही. खिडकीने लावलेले कुतूहल पायांनी फेडायचे, एवढाच करार. लेव्हल संपली की किती राक्षस मारले, किती वस्तू उचलल्या, किती गुप्त जागा सापडल्या याची टक्केवारी येते आणि लागलेला वेळही. हँगरसाठी ठरवलेला वेळ आहे ३० सेकंद. सराईत खेळाडू ती १० सेकंदांच्या आत पार करतात.

त्या दहा सेकंदांत ते लढत नाहीत, धावतात. स्पीडरन म्हणजे कमीत कमी वेळात लेव्हल संपवणे. डूमच्या स्पीडरनला १९९४पासूनची परंपरा आहे आणि तिच्यात पॅसिफिस्ट नावाचा एक स्वतंत्र प्रकार आहे. त्यात एकाही राक्षसाला इजा न करता सर्वांत वरच्या दोनपैकी एका काठिण्यपातळीवर लेव्हल पार करायची असते. शूटर गेममध्ये गोळी न झाडता शेवटापर्यंत जाण्याची स्पर्धा लागते आणि ती रंगते, ही गोष्ट माझ्या मुद्द्याला सर्वांत भक्कम आधार देते. गोळीबार वगळूनही खेळ शिल्लक राहतो. धावणे वगळून पाहा, काय उरते? जत्रेतल्या फुगे फोडण्याच्या स्टॉलइतका खेळ उरेल आणि तो पाच मिनिटांत संपेल.

क्वेकने हे आणखी पुढे नेले. तिथे जग खऱ्या अर्थाने त्रिमितीय होते, वर-खाली बघता येत होते, उडी मारता येत होती. खेळाडूंनी लवकरच शोधून काढले की रॉकेट स्वतःच्या पायाशी झाडले तर स्फोटाच्या धक्क्याने माणूस उंच फेकला जातो. जीव थोडा कमी होतो, पण जिथे जिना नाही तिथे पोहोचता येते. ही रॉकेट जंप. दुसरा शोध अधिक सूक्ष्म होता. हवेत असताना वेग किती वाढू द्यायचा याची क्वेकमधली तपासणी खेळाडू ज्या दिशेचे बटण दाबतो त्याच दिशेपुरती होते, एकूण वेगाची होत नाही. त्यामुळे उडी मारून, बाजूचे बटण दाबून, माउस हळूहळू त्या बाजूला वळवत राहिले तर दर उडीगणिक वेग वाढत जातो. हिशेबातली ही फट होती, पण लोकांनी तिच्यावर रियाज केला. क्वेक तीनच्या वेळी कारमॅकने ती बुजवून पाहिली, तर साधे चालणेच बेंगरूळ वाटू लागले, म्हणून ती तशीच राहिली. पुढे त्याच गेमवर डिफ्रॅग नावाचा मॉड झाला, म्हणजे चाहत्यांनी गेमवर केलेला स्वतःचा संस्कार. त्यात मुख्य काम आहे उड्या घेत, वेग वाढवत शेवटच्या रेषेपर्यंत पोहोचण्याचे. रॉकेटही तिथे बहुधा उडी उंच जावी म्हणूनच झाडतात.

२००० नंतर मुख्य प्रवाह दुसरीकडे वळला. २००१च्या नोव्हेंबरमध्ये हॅलो आला. त्यात एका वेळी दोनच शस्त्रे जवळ ठेवता येत आणि थोडा वेळ मार चुकवला की संरक्षक कवच पुन्हा भरून येई. २००५च्या कॉल ऑफ ड्यूटी दोनमध्ये तर जीवही आपोआप भरू लागला. कन्सोलच्या कंट्रोलरवर अंगठ्याने वळावे लागते, ते माउसइतके झटपट होत नाही, म्हणून खेळ थोडा सावकाश करणे गरजेचेही होते. हे गेम वाईट होते असे मी म्हणणार नाही. युद्धभूमीचा दबाव, सोबतच्या सैनिकांची साथ, गोष्टीचा ओघ त्यांनी जुन्यांपेक्षा चांगला सांभाळला. पण नियम बदलला की चालही बदलते. जीव आपोआप भरत असेल तर मार लागल्यावर सर्वांत शहाणपणाची कृती म्हणजे आडोशाला बसणे. डूममध्ये तीच कृती बहुधा चुकीची ठरते. एकीकडे अडचणीत सापडलेल्या माणसाने थांबायचे, दुसरीकडे निघायचे. जुन्या शूटरकडे परतणारे लोक कशाकडे परततात, याचे उत्तर या फरकात आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. हे सगळे स्मरणरंजन आहे, चाळिशीतल्या माणसांना आपले कॉलेजचे दिवस आठवतात, दुसरे काही नाही. आक्षेप अगदीच पोकळ नाही. जाड ठिपक्यांची चित्रे आणि खरखरीत गिटारचे संगीत काही नवे गेम मुद्दाम वापरतात आणि त्यामागे आठवणींचा भाग आहेच. पण आठवण माणसाला जुनी वस्तू पुन्हा हाताळायला लावते, नव्या वस्तू घडवायला लावायची ताकद तिच्यात सहसा नसते. डूमच्या बाबतीत दुसरी गोष्ट घडली. १९९४च्या सुरुवातीलाच चाहत्यांनी लेव्हल रचण्याचे स्वतःचे साधन बनवले. १९९७च्या डिसेंबरमध्ये आयडीने मूळ प्रोग्राम सर्वांसाठी खुला केला. २००४पासून डूमवर्ल्ड या संकेतस्थळावर दरवर्षी सर्वोत्तम नव्या लेव्हलना कॅकोवॉर्ड दिले जातात. २०२३मध्ये आलेल्या माय हाउस नावाच्या लेव्हलने तर एका साध्या घराच्या नकाशातून अशी भूलभुलय्या उभी केली, की डूमची तोंडओळखही नसलेले लोक तिच्याबद्दल बोलू लागले. शिवाय त्याच काळातले सगळेच गेम असे टिकलेले नाहीत. १९९३ सालीच द सेव्हन्थ गेस्ट आला. खऱ्या नटांचे चित्रीकरण वापरलेला तो गेम तेव्हा फार आधुनिक मानला गेला आणि लाखोंनी विकला गेला. आठवणी त्याच्याही आहेत, पण त्या धाटणीचे गेम आज तुरळक दिसतात. नव्या जुन्या-धाटणीच्या गेमकडे पाहिले तर त्यांनी नेमके काय उचलले हेही कळते. २०१६च्या डूममध्ये घायाळ राक्षसाजवळ जाऊन त्याला संपवले तर जीव परत मिळतो. २०२०मध्ये अपूर्णावस्थेतच विक्रीला आलेल्या अल्ट्राकिलमध्ये शत्रूच्या रक्ताने जखमा भरतात आणि त्यासाठी त्याच्या अगदी जवळ जावे लागते. १९९३मध्ये यातले काहीही नव्हते. निर्मात्यांनी जुन्या गेमचे कपडे सोडले आणि पुढे पाऊल टाकायला लावणारी त्याची ओढ तेवढी घेतली. झेक निर्मात्याने केलेला हरॉट हा गेम समाजवादी चेकोस्लोव्हाकियात, १९८६ साली घडतो. करड्या सरकारी इमारती, भुयारी रेल्वेचे स्टेशन, गॅस मास्क घातलेली माणसे. डॅलसच्या मुलांनी रचलेल्या व्याकरणात कोणी आपल्या देशाचे बालपण लिहू शकतो, हे मला फार मोलाचे वाटते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वर बघता न येणे, खोलीवर खोली नसणे या तेव्हाच्या यंत्रांच्या लंगड्या बाजू होत्या. त्यांचे आता गुण म्हणून कौतुक करणे म्हणजे नाइलाजाला शहाणपण म्हणणे. हे अर्धे खरे आहे. आयडीच्या लोकांना साधले असते तर त्यांनी १९९३मध्येच खरी त्रिमिती दिली असती, तीन वर्षांनी क्वेकमध्ये दिलीच. पण मर्यादा कुठून आली आणि ती खेळात काय करते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. खो-खोत पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की त्याला मागे फिरता येत नाही आणि मधली पाटी ओलांडता येत नाही. पळणाऱ्याला मात्र दोन्हीची मुभा. ही बंधने काढून टाकली तर खो-खो अधिक मोकळा होईल, पण तो खो-खो राहणार नाही, नुसती पकडापकडी होईल. खो देण्याची सगळी कला त्या बंधनातून जन्मते. डूममध्येही नेम वजा झाला म्हणून अंतर, कोन आणि वेळ पुढे आले. आणि जिथे मर्यादेने खेळाला काही दिले नाही, तिथे चाहत्यांनी तिचे कौतुकही केलेले नाही. मूळ डूममध्ये कड्याखाली उभा असलेला राक्षस वरून जाणाऱ्या खेळाडूलाही अडवतो, कारण प्रोग्राम प्रत्येक राक्षसाला जणू आभाळापर्यंत उंच समजतो. नंतरच्या अनेक प्रोग्रामनी हा दोष काढण्याची सोय दिली आणि पुष्कळ जण ती वापरतात. सरसकट भक्ती असती तर ही निवड दिसली नसती.

या गेमचे काही दोष मात्र मान्यच करावे लागतात. सगळे शत्रू गेले, रस्ते रिकामे झाले आणि कुठल्या तरी भिंतीवरचे एक बटण सापडत नाही म्हणून माणूस पंधरा मिनिटे भटकतो आहे, हा अनुभव या गेमच्या वाट्याला सर्रास येतो. त्यात कौशल्य नाही, कुतूहलही लवकर विरते. दुसरा दोष माझ्याच मुद्द्यावर येतो. सैनिकांच्या गोळ्या झाडताक्षणी लागतात. खेळाडू याला हिटस्कॅन म्हणतात. इम्पचा गोळा पायांनी चुकवता येतो, ही गोळी नाही. डूम दोनमधला मशीनगनवाला सैनिक दूरच्या सज्जात ठेवला की पायांचे काही चालत नाही, नुसता मार खावा लागतो. कसलेले लेव्हलकार म्हणूनच त्याला बेताने वापरतात आणि त्याच्यासमोर आडोसा ठेवतात.

हिंसेचा प्रश्न टाळता येणार नाही. डूम येण्याच्या आदल्याच दिवशी, ९ डिसेंबर १९९३ रोजी, अमेरिकेच्या सेनेटमध्ये व्हिडिओ गेममधल्या हिंसेवर सुनावणी झाली होती. तिच्या दबावातून पुढच्या वर्षी गेमना वयाप्रमाणे श्रेणी देणारी व्यवस्था उभी राहिली. जर्मनीने १९९४मध्ये डूमला निर्बंधांच्या यादीत टाकले आणि २०११मध्ये काढले. १९९९मध्ये कोलोरॅडोतल्या कोलंबाइन शाळेत दोन विद्यार्थ्यांनी हत्याकांड केले. ते दोघे डूम खेळत असत आणि त्यानंतर अनेकांनी गेमकडे बोट दाखवले. एवढ्या मोठ्या दुःखापुढे घाईने कोणाला निर्दोष ठरवणे बरे नाही, म्हणून पुरावा काय सांगतो तेवढे पाहू. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२०मध्ये आपली भूमिका मांडली. हिंसक गेममुळे माणसे हिंसाचार करतात असे म्हणायला पुरेसा पुरावा नाही, पण आरडाओरडा, धक्काबुक्की अशा सौम्य आक्रमकतेशी त्यांचा लहानसा संबंध दिसतो. दोन्ही अर्धी वाक्ये लक्षात ठेवायला हवीत. डूममधले रक्त निर्मात्यांनी हौसेने घातले होते आणि ते लहान मुलांसाठी नाही. वयाची श्रेणी पालकांनी मानावी असे माझे स्पष्ट मत आहे. पण लोक तीस वर्षे या गेमपाशी रक्तासाठी थांबले, हे म्हणणे पटत नाही. आजच्या मानाने ते रक्त म्हणजे लाल ठिपक्यांचा पुंजका आहे. तेच बघायचे तर त्याहून शंभरपट खरे दिसणारे गेम हाताशी आहेत. या प्रकारात मुरलेल्या खेळाडूला पिंकी दिसला की त्याच्या डोक्यात प्राणी येत नाही, अंतर येते.

याचा एक पुरावा डूमने स्वतःच जपून ठेवला आहे. डूममध्ये आपला खेळ फाइलमध्ये नोंदवता येतो आणि पुन्हा बघता येतो. त्या फाइलमध्ये चित्रे नसतात. राक्षस कुठे होते, कोण कधी मेले, यातले काहीच लिहिलेले नसते. डूमचे यादृच्छिक आकडेसुद्धा २५६ संख्यांच्या एका ठरलेल्या यादीतून क्रमाने येतात, त्यामुळे खेळाडूच्या हालचाली तेवढ्या नोंदवल्या की बाकीचे सगळे जसेच्या तसे पुन्हा घडते. १९९४मध्ये नोंदवलेली फाइल मूळ गेमशी इमान राखणाऱ्या आजच्या प्रोग्रामवर लावा, तोच इम्प त्याच क्षणी हात उगारतो आणि तोच खेळाडू त्याच पावलावर बाजूला सरकतो. दर ठोक्याला ४ बाइट, म्हणजे एका मिनिटाच्या खेळाला ८,४०० बाइट, एखाद्या पत्राएवढी जागा. पहिल्या बाइटमध्ये खेळाडू पुढे किंवा मागे किती गेला, दुसऱ्यात डावी-उजवीकडे किती सरकला, तिसऱ्यात किती वळला. चौथ्या बाइटमध्ये बटणे आहेत, दार उघडणे, शस्त्र बदलणे वगैरे सगळी एकत्र. एका ठोक्याच्या या ३२ बिटांपैकी गोळी झाडण्याला मिळालेला आहे १ बिट.